मास्तरांचा डँपर

मास्तरांनी आयुष्यभर माणसांचे चेहरे कमी आणि हात जास्त पाहिले. ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्याला चेहऱ्याचा उपयोग तरी काय? चेहऱ्यावर उसनं अवसान कुणालाही आणता येतं, स्टेअरिंगवरच्या हातांवर ते आणणं कठीण. शेजारच्या सीटवर, आपल्या वेगळ्या ब्रेकवर पाय ठेवून बसलेले मास्तर एक डोळा रस्त्यावर ठेवत आणि दुसरा शिकणाऱ्याच्या मनगटांवर. मनगट आखडलं की पुढच्या वळणावर काय होणार ते त्यांना आधीच कळायचं. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला त्यांनी नापास केलं होतं, असं त्यांची बायको सांगायची.

पण त्यांचं खरं कसब शिकवण्यात नव्हतं, थांबवण्यात होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची नजर मंदावली, पाय ब्रेकवर वेळेत पोचेनासा झाला, की मुलं-सुना त्याला मास्तरांकडे घेऊन येत. घरच्यांचं तो ऐकत नसे, मास्तरांचं ऐके. मास्तर त्याला घेऊन एक चक्कर मारून येत, खाली उतरत, बॉनेटवर हात ठेवत आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणत, "साहेब, तुमच्या चालवण्याला नावं ठेवायला जागा नाही. पण या गाडीचा क्लच फार कडक झालाय. ही आता तुमच्यासाठी नाही. तुम्ही आपले शेजारी ऐटीत बसा, पोरांना ओढू दे ती." कधी क्लचच्या जागी गिअर यायचा, कधी ब्रेक. म्हाताऱ्याचे डोळे, पाय, वय यांचा उल्लेख त्यांनी एकदाही केला नाही. सगळा दोष गाडीच्या माथी जायचा. गाडीला काय, ती बिचारी उलट बोलत नाही.

शाळा बंद करून मास्तर घरी बसले तेव्हा त्यांनी स्वतःसाठी एक जुनी जीप घेतली. चारही चाकांना जोर देणारी, उंच, पत्र्याची, आणि आतल्या माणसाच्या हाडांची जराही पर्वा नसलेली. बायकोनं कपाळाला हात लावला, पण सून खूश झाली. सून मातीची भांडी करायची. कप, बश्या, बरण्या, आणि शहरातली माणसं भिंतीला टांगतात तसल्या थाळ्या. तिला लागणारी चांगली चिकण माती डोंगरापलीकडच्या खाणीत मिळे आणि तिथवर साधी गाडी जात नसे. मुलगा कामानिमित्त लांब होता, महिनोन् महिने यायचा नाही. त्यामुळे आठवड्यातून एकदा सासरे आणि सून जीप घेऊन निघायचे, पोत्यांत माती भरायचे आणि संध्याकाळच्या आत परत यायचे. सून गाडी मास्तरांकडेच शिकली होती, लग्नाच्याही आधी. पण जीपच्या स्टेअरिंगला मास्तर तिला हात लावू देत नसत. "ही शिकाऊ गाडी नाही, सूनबाई," एवढंच उत्तर मिळायचं.

मग स्टेअरिंग थरथरायला लागलं.

आधी ते फक्त त्या पन्हळी रस्त्यावर व्हायचं. खाणीकडून परत येताना चढ संपला की एक लांब सरळ पट्टा लागतो. जड ट्रकांनी त्यावर आडव्या लाटा पाडून ठेवल्या आहेत, अगदी पन्हळी पत्र्यासारख्या. त्यावरून मागे मातीचा भार घेऊन जाताना स्टेअरिंग हातात दोन्ही बाजूंना झटके देई. पुढे पुढे चांगल्या रस्त्यावरही देऊ लागलं. त्याच सुमारास घरातल्या इतरही वस्तू बिघडू लागल्या होत्या. कपबशी खडखडायची, कारण बशीच वाकडी होती. किल्ली कुलपात जायची नाही, कारण कुलूप गंजलं होतं. शर्टाची बटणं लागायची नाहीत, कारण हल्लीचे शिंपी काजं छोटी करतात. मास्तरांकडे प्रत्येक गोष्टीचं कारण तयार होतं आणि ते त्यांना मनापासून पटत होतं.

सुनेनं एक मोठा कप बनवून आणला. निळ्या झिलईचा, सुरेख, आणि दोन्ही बाजूंना कान असलेला. मास्तरांनी तो फिरवून फिरवून पाहिला.

"दोन कान कशाला?"

"धरायला बरं पडतं, बाबा. नवीन नमुना आहे."

"मी काय तान्हं बाळ आहे?" मास्तर म्हणाले आणि कप शेडमध्ये नेऊन त्यात नट आणि वॉशर ठेवले. सून आपल्या कामाला परत गेली. पण तो कप भाजताना तिनं भट्टीपाशी किती वेळ काढला होता ते सासूनं पाहिलं होतं, आणि त्या दिवशी सासूनं दिवसभर मास्तरांशी अबोला धरला.

एकदा परतीच्या वाटेवर त्याच पट्ट्यात जीप कडेला ओढली गेली. पुढचं चाक उताराच्या गवतात उतरलं, मास्तरांनी कसंबसं सावरून परत वर घेतलं. शेजारी बसलेल्या सुनेनं दाराची मूठ घट्ट धरली होती. घरी तिनं चकार शब्द काढला नाही. पण सासूनं अंगणात उभ्या जीपच्या बंपरमध्ये अडकलेलं गवत उपसून काढलं आणि ते तसंच स्वयंपाकघरातल्या टेबलावर मास्तरांसमोर ठेवलं.

"हे काय?"

"गवत," मास्तर म्हणाले.

"ते मलाही दिसतंय. रस्त्यावर उगवतं का ते?"

"स्टेअरिंग थरथरतं. जुनी गाडी आहे."

"अहो, गाडी थरथरत नाही. तुमचे हात थरथरतात. मी वर्षभर बघतेय. डॉक्टरांकडे चला म्हटलं की तुम्ही विषय बदलता."

मास्तर लालबुंद झाले. तिसावर वर्षं ज्यांनी दुसऱ्यांचे हात तपासले, त्यांचे हात तपासायला निघाली होती ही. ते उठले, शेडमध्ये गेले आणि जीपखाली शिरले. बाहेर आले ते विजयी मुद्रेनं, हातात एक लांबट नळकांडं घेऊन. स्टेअरिंगचा जुना डँपर. चाकांचे झटके स्टेअरिंगपर्यंत येताना ते शोषून घेणं हे त्याचं काम. मास्तरांनी त्याचा दांडा ओढला आणि ढकलला. सायकलच्या फाटक्या पंपासारखा तो आतबाहेर झाला, कसलाच विरोध नाही. आतलं तेल कधीच गळून गेलं होतं.

"बघ," ते म्हणाले. "हा मेलाय. म्हणून थरथर."

बायकोनं त्या नळकांड्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "ठीक आहे. नवा बसवा. मी स्वतः मागे बसून बघीन. तरीही थरथर राहिली तर किल्ली माझ्याकडे, आणि तुम्ही डॉक्टरांकडे. कबूल?"

"कबूल," मास्तर म्हणाले. सुनेच्या समोर म्हणाले, त्यामुळे आता माघार नव्हती.

सुट्या भागांचं दुकान चालवणारा त्यांचाच विद्यार्थी. त्याला त्यांनी तीनदा नापास केलं होतं, आणि तो ते अजून सगळ्यांना अभिमानानं सांगायचा. कंपनीचा साधा डँपर मागितला तर त्यानं एक जाडजूड, पिवळा, गॅस भरलेला नग काउंटरवर ठेवला. मूळ गाडीबरोबर न येणारा, डोंगरदऱ्यांत गाड्या घालणारे हौशी लोक लावतात तसला.

"हा बसवा, मास्तर. पण एक सांगू? आधी टाय रॉडचे जॉइंट बघा, बुश बघा, चाकाचं बेअरिंग बघा. त्यात ढिलाई असेल तर डँपर नुसता ती झाकतो."

"मला शिकवतोस?"

"तुमच्याकडूनच शिकलोय."

मास्तरांनी ते सगळं आधीच पाहिलं होतं. चाक जॅकवर उचलून, वरखाली धरून हलवलं होतं, आडवं हलवलं होतं. कुठेही ढिलाई नाही, चाक दगडासारखं घट्ट. बायकोनं स्टेअरिंग हलवलं तेव्हा जॉइंटवर हात ठेवून पाहिलं, टकटकसुद्धा नाही. आपण गाडी किती नीट राखली आहे याचा त्यांना त्या वेळी अभिमान वाटला होता. सगळं इतकं घट्ट असेल तर मग थरथर कुठून येते, हा पुढचा प्रश्न त्यांच्या मनात आला नाही. किंवा आला आणि त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डँपर बसवायला घेतला. मास्तरांनी चाकं सरळ केली, मागच्या चाकांना दगड लावले आणि जीपखाली जुनी सतरंजी अंथरली. सून एप्रन बांधूनच आली. तिच्या कोपरापर्यंत माती वाळली होती. दोघं पाठीवर झोपून आत सरकले.

डँपरची एक बाजू ॲक्सलवरच्या ब्रॅकेटला बसते, दुसरी टाय रॉडला. टाय रॉड म्हणजे दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारी, त्यांना बरोबरीनं वळवणारी दांडी. नव्या डँपरचा दांडा पट्टीनं आत दाबून बांधलेला होता. मास्तरांनी पट्टी कापली आणि दांडा हळूहळू, कुरकुरत बाहेर आला. सुनेला गंमत वाटली.

"आळस देतोय."

"दे म्हणावं, मग जन्मभर राबायचंय त्याला."

ॲक्सलकडची बाजू सहज बसली. टाय रॉडच्या बाजूला इंग्रजी यू अक्षरासारखा वाकलेला बोल्ट दांडीवरून घालायचा आणि खालून दोन नट आवळायचे. मास्तरांनी अंदाजानं जागा धरली. सुनेला बाहेर पाठवून स्टेअरिंग एका टोकापर्यंत फिरवायला सांगितलं. चाकं पुरती वळण्याआधीच डँपरचा दांडा आत जाऊन टेकला आणि खट् आवाज आला.

"थांब. असं चालणार नाही. चाक वळायच्या आधी हाच टेकतोय. डँपरनं आवरायचं असतं, अडवायचं नसतं. त्याची जागा दोन बोटं सरकवायला हवी."

जागा सरकवली. पुन्हा एका टोकाला, पुन्हा दुसऱ्या टोकाला. दोन्हीकडे थोडा श्वास उरला. आता नट.

सून परत जीपखाली सरकली आणि तिनं दोन कानांचा निळा कप पुढे केला. मास्तरांनी त्यातून एक नट काढला, बोल्टच्या टोकाला टेकवला आणि फिरवला. नट आट्यांवर बसेना. तिरका चढायचा आणि निसटायचा. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा निसटला, त्यांच्या छातीवर पडला. डोक्यावर सहा इंचांवर इंजिन, समोर तो बोल्ट, आणि स्वतःची बोटं, जी बोल्टच्या टोकाभोवती गोल गोल फिरत होती पण टोकावर जात नव्हती. मास्तरांनी श्वास रोखला. बोटं थांबली नाहीत.

मातीनं माखलेला एक हात मधे आला. त्यानं छातीवरचा नट उचलला, बोल्टला लावला आणि दोन वेढे दिले. नट बसला.

"तुमच्या बोटांना ग्रीस लागलंय, बाबा. घसरतंय."

"हो," मास्तर म्हणाले. "ग्रीस फार झालंय."

दुसरा नटही तिनंच लावला. पाना मात्र मास्तरांनी घेतला. पान्याला जोर लागतो, नेम लागत नाही, आणि जोर त्यांच्यात अजून होता.

दुपारी परीक्षा झाली. बायको मागच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली, एखाद्या निवाड्याला बसावं तशी. सून मातीच्या पोत्यांवर, कारण भारही तेवढाच हवा असा मास्तरांचा आग्रह. पन्हळी पट्टा आला. मास्तरांनी वेग घेतला. गाडीचा पत्रा खडखडला, दातांवर दात आपटले, पण स्टेअरिंग जागचं हललं नाही. थोडं जड झालं होतं, वळवायला खांद्याचा जोर लागत होता, पण स्थिर. मास्तरांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टा पार केला, गाडी वळवली आणि पुन्हा पार केला.

"काय म्हणता?" त्यांनी आरशातून विचारलं.

"म्हणायचं काय," बायको म्हणाली. तिचा आवाज थोडा कापरा झाला होता, आणि तो रस्त्यामुळे नव्हता. "बरं झालं. मी उगाच घाबरले." संध्याकाळच्या चहात तिनं न सांगता एक चमचा साखर जास्त घातली, ती हल्ली त्यांना द्यायची नसते तरी. मुलाला फोन करून सांगितलं की बाबांचं काही नाही रे, गाडीच होती. मास्तरांना ते शेजारच्या खोलीतून ऐकू आलं. वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून न्यावा तसं त्यांना वाटलं. आपल्या मनावर दगड होता हेसुद्धा त्यांना तेव्हाच कळलं.

त्यांचा आनंद दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला. बायको शेजारी गेली होती. मास्तर सुनेच्या कामाच्या खोलीत गेले, डँपरची महती तिला नीट समजावून सांगायला. खोलीच्या दाराला वर एक पंप बसवलेला होता, दार हळू मिटवणारा. वारा आत आला की ओली भांडी एका बाजूनं वाळतात आणि तडकतात, म्हणून तिनं तो लावून घेतला होता.

"हे बघ," मास्तर म्हणाले, "तुझ्या दारावरचा पंप आहे ना, तसाच तो डँपर. झटका आला की..."

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. उघडं दार आपटायला निघालं, आणि शेवटच्या वितीवर पंपानं त्याला धरलं, अलगद मिटवलं.

"बघितलंस? अगदी अस्सं."

मास्तरांनी दार पुन्हा उघडलं आणि दाखवण्यासाठी म्हणून हातानं जोरात लोटलं. पंपानं तेही धरलं. तसंच, तेवढंच, अलगद. त्यांनी आणखी एकदा लोटलं. आणि मग ते दारासमोर नुसते उभे राहिले. वाऱ्यानं लोटलं काय आणि मास्तरांनी काय, पंपाला त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही."

ते शेडमध्ये जाऊन जीपच्या पायरीवर बसले. काल परीक्षा झाली ती कशाची? थरथर चाकांकडून वर आली तरी डँपर ती मारतो आणि हातांकडून खाली गेली तरी मारतो. त्याच्या एका टोकाला रस्ता आहे आणि दुसऱ्या टोकाला मास्तर. कुणाची थरथर थांबली हे तो कुणालाच सांगणार नाही. हे बायकोला माहीत असायचं कारण नाही. सुट्या भागांच्या दुकानदारालाही नाही, त्यानं हात पाहिले नव्हते. हे ओळखायला हवं होतं एकाच माणसानं, आणि त्या माणसानं सोयीस्करपणे डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं. मास्तरांना स्वतःचा राग आला. आणि रागाखाली भीती होती, साधी, थंड भीती. कारण आता गप्प राहणं फार सोपं होतं. बायकोची खात्री पटली होती, किल्ली खिशात होती. पण पन्हळी पट्ट्याच्या कडेला तो उतारही होता आणि शेजारच्या सीटवर दाराची मूठ धरून बसणारी सूनही होती.

त्यांनी पाना घेतला आणि डँपर काढला. काढायला नेम लागत नाही.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली, "चल. आज तू चालव."

ती एप्रनला हात पुसत दारात आली. खाली पडलेला पिवळा डँपर तिनं पाहिला. "हा का काढलात?"

"त्याच्याशिवाय कशी चालते ते मला शेजारून बघायचंय. तुझ्या हातात."

हुशार पोर, तिला काही समजावून सांगावं लागत नसे. ती ड्रायव्हरच्या सीटवर चढली.

मास्तर शेजारी बसले तसा त्यांचा पाय सवयीनं पुढे गेला आणि ब्रेक शोधू लागला. जीपला त्या बाजूला ब्रेक नव्हता. त्यांनी पाय मागे घेतला आणि दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले, हल्ली धरत तसे. सुनेनं जीप सफाईनं काढली. शिकवलेलं विसरली नव्हती. मनगटं सैल, अंगठे बाहेर. चढावर गिअर योग्य वेळी टाकला. मास्तरांच्या मनात आलं की हिला या गाडीला हात लावू दिला नाही ही किती क्षुल्लक गोष्ट होती, आणि आपण ती किती जपली.

पन्हळी पट्टा लागला. तिनं वेग धरला. पत्रा खडखडला. मास्तरांचा जीव तिच्या हातांत गोळा झाला होता. थरथर, त्यांनी मनात म्हटलं. एकदा तरी थरथर. स्टेअरिंग तिच्या बोटांत शांत होतं. लाटांमागून लाटा गेल्या. ते शांतच होतं.

पट्टा अर्धा संपला आणि सुनेनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून सासऱ्यांच्या हातांकडे पाहिलं. ते गुडघ्यांत दाबलेले होते, तरीही थोडे हलत होते. मग ती म्हणाली, "थरथरतंय, बाबा. बघा ना, केवढं थरथरतंय."

आणि खरंच, स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलत होतं.

मास्तरांनी पाहिलं. चाकं जेव्हा स्टेअरिंग हलवतात तेव्हा स्टेअरिंगचं चक्र आधी हलतं आणि हात त्यामागे ओढले जातात. बोटं उघडतात, कोपर झटके खातं, माणूस पकड घट्ट करतो. इथे आधी मनगटाची शीर ताठ होत होती आणि चक्र तिच्यामागून जात होतं. बोटं मिटलेली होती, कोपर स्थिर होतं. पुढच्या मडगार्डावरचा सैल आरसा, जो खऱ्या थरथरीत वेड्यासारखा नाचला असता, तो जागच्या जागी होता. एवढी कच्ची लबाडी त्यांनी शिकाऊ मुलांतही पाहिली नव्हती. कुणी परीक्षेत पास होण्यासाठी लबाडी करतं. ही त्यांना पास करण्यासाठी करत होती.

मास्तर समोर रस्त्याकडे पाहू लागले. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, कारण आता शंकेला जागा उरली नव्हती. आणि त्याच वेळी त्यांना असंही वाटलं की आपल्या पोटच्या मुलानं आपल्यासाठी असं काही केलं असतं की नाही कोण जाणे.

"हो," ते म्हणाले. "थरथरतंय खरं. डँपर हवाच याला."

सुनेनं सुटकेचा श्वास सोडला. तिचे हात पुन्हा शांत झाले आणि स्टेअरिंगही, पण तिच्या ते लक्षात आलं नाही. मास्तरांनीही लक्षात आणून दिलं नाही.

घरी येऊन त्यांनी डँपर परत बसवला. या वेळी जागा एकदम बरोबर धरली. नट लावायची वेळ आली तेव्हा मास्तरांनी स्वतः प्रयत्न केला नाही. कप तिच्याकडे सरकवला आणि म्हणाले, "तू लाव." तिनं लावले, त्यांनी आवळले. दोघं जीपखालून बाहेर आले, पाठ झटकली. बायको शेजारून परत आली होती आणि फाटकातच उभी राहून विचारत होती की पुन्हा काय उघडून बसलात.

मास्तर जीपच्या पुढे गेले. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

"काही नाही," ते म्हणाले. "डँपर उत्तम आहे. पण फार कडक आहे हा. वळवायला खांदा लागतो. ही गाडी आता माझ्यासाठी नाही." त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि सुनेसमोर धरली. हातात ती बारीक वाजत होती. "तू ओढ. मी शेजारी ऐटीत बसतो."

सून जागच्या जागी थांबली. शिकत असताना एकदा ती मास्तरांच्या गाडीत मागे बसलेली होती, पुढे एक निवृत्त हेडमास्तर होते, आणि खाली उतरल्यावर मास्तर त्यांना काय म्हणाले होते ते तिनं शब्दन् शब्द ऐकलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते मातीच्या हातानं पुसलं आणि गालावर एक राखाडी पट्टा उमटला.

"बाबा, गाडी खरंच थरथरत होती," ती म्हणाली.

"मग मी दुसरं काय म्हणतोय? गाडीच थरथरत होती."

तिनं किल्ली घेतली. फाटकातली बायको हे ऐकत होती. तिनं हे वाक्य नवऱ्याच्या तोंडून तीस वर्षं, तऱ्हेतऱ्हेच्या म्हाताऱ्यांसाठी ऐकलं होतं. क्लच कडक, गिअर कडक, ब्रेक कडक. ती जवळ आली आणि नवऱ्याच्या बाहीवरची धूळ झटकू लागली. धूळ गेल्यावरही बराच वेळ झटकत राहिली.

"डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव," मास्तर म्हणाले.

"घेते."

मग ते शेडमध्ये गेले. निळ्या कपातले उरलेले नट आणि वॉशर त्यांनी एका डब्यात ओतले, कप नळाखाली धरून साबणानं घासला, पुन्हा घासला आणि स्वयंपाकघरात नेऊन चहाच्या भांड्याशेजारी ठेवला.

बायकोनं तो उचलून नाकाशी नेला. "अहो, याला ऑइलचा वास येतोय अजून."

"येऊ दे," मास्तर म्हणाले. "यातच दे."